शनिवारचं शिबिर

आमच्या माले गावात शेतीचे पंप दुरुस्त करणारे एक ज्यू काका आहेत. दाराच्या चौकटीवर धर्मवचनांची छोटी नळी ठोकलीय, तिला बोट लावून ते ओठांना लावतात आणि मगच घरात पाऊल टाकतात. शनिवारी कामाला हात लावत नाहीत. त्या दिवशी पंप जळाला तर शेतकरी मुकाट्याने दिवस मावळायची वाट बघतात.

गावाला कळतं ते सरकारला कळत नाही. राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक मानलं, आणि त्या दाखल्यांचं शिबिर ठेवलं कधी, तर शनिवारी!

शिबिर शाळेत होतं. काका चालत आले, मी त्यांच्यासोबत होतो. कारकुनाने पेन पुढे केलं.

"आज आमी लिहीत न्हाई. उद्या देतो सही."

"उद्या शिबिर न्हाई. अंगठा तरी उठवा!"

"त्यो बी न्हाई."

माझं डोकं फिरलं. "आणा इकडं, मी करतो सही!"

तर काका माझ्यावरच उखडले. "ज्यू असल्याचा दाखला घ्यायचाय ना? मग त्यो शनवार मोडून घेऊ व्हय?"

मी पेनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. कारकून मात्र हसला, आणि काका पुढ्यात उभे असताना त्याने त्यांच्या नावापुढे लिहिलं, गैरहजर.