धोप, कट्यार आणि विलासचा नियम

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत दुकानाचं शटर उघडत होतो. सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, गेले हे." पोटाचा कॅन्सर, सगळं ठाऊक होतं. अर्धं उघडलेलं शटर मी पुन्हा खाली ओढलं.

साताऱ्याच्या कॉलेजातली आमची दोस्ती. पुढं तो फौजेत गेला, मी भांड्यांच्या दुकानात. निवृत्त होऊन तो कोरेगावला परतला आणि पुण्याच्या पुतण्यानं त्याला एक खेळ शिकवला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, वार किती लागला ते फाशांनी ठरवायचं. मग काय, विलास, वहिनी आणि मी, पन्नाशी उलटलेली तीन माणसं रविवारी राक्षस मारत बसायचो! गोष्ट विलास सांगायचा. वहिनी खेळात दांडपट्टा चालवणारी व्हायच्या. मी जैन, खेळातही हत्यार धरवेना, म्हणून वैद्य झालो. "तुझ्या हातनं मुंगीबी मरायची न्हाई गड्या," म्हणून विलास हसायचा, आणि पर्युषणात राक्षसांनाही सुट्टी द्यायचा.

मूळ नियमांत सगळ्या तलवारींना एकच फासा. ते त्याला पटेना. खंडेनवमीला त्यांच्या घरी धोप पूजेला निघायची, सरळ लांब पात्याची तलवार. ती त्यानं माझ्या हातात दिली. मनगट लगेच भरून आलं. "मारायचं मागनं बघू, आदी पेल," म्हणाला. मग त्यानं स्वतःचे नियम केले. घोड्यावरून धोपेला जास्त फासे, अरुंद बोळात पट्टा बाद, कट्यारीचा फासा कमी आकड्यांचा, पण जखम वाईट. "कापल्यालं शिवता येतं. भोसकल्यालं आत सडतं." रात्रभर झोपलं की जखम भरते, हा नियम तर त्यानं खोडूनच टाकला. मांडीत छर्रा घेऊन परतलेला माणूस तो. "झोपून उटलं की बरं? असं कुटं असतंय व्हय रं?" आमची पात्रं रविवारमागून रविवार खाटेवर पडून राहायची. मला रागच यायचा. हट्टात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

शेवटच्या भेटीत तो उशीला टेकून बसला होता. खेळात वहिनींच्या पोटात कट्यार घुसलेली. जगणार की नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं. खेळ थांबवू या, असं मी म्हणणार, तोच वहिनींनी फासा उचलला. विलासनं त्यांची मूठच धरली.

"टाकू नगंस. आज झोप. सकाळी उटशील तवा जखम न्हाई."

"आवं, आन् नियम?"

"नियम माजाच हाय न्हवं?"

वहिनींनी फासा खाली ठेवला. "मग तुमीबी झोपा," म्हणाल्या.

तेराव्यानंतर एकदा कोरेगावला गेलो. त्याच्या जागेपुढचा पुठ्ठ्याचा आडोसा, ज्यामागे तो आपले फासे लपवून टाकायचा, तसाच उभा होता. वहिनी समोर येऊन बसल्या.

"भावजी, सकाळ झाली म्हना की."

आमच्या खेळात हे गोष्ट सांगणाऱ्यानंच म्हणायचं असतं. मी आडोशामागे जाऊन बसलो. पण सकाळ झाली म्हटलं, तर विलासनंही उठायला हवं होतं; मी त्याचे फासे तसेच राहू दिले. वहिनींची ती पट्टा चालवणारी अजून झोपलेलीच आहे.