माझ्याच हातचा शेरा

सरकारी नोकरीत माणूस लागतो तेव्हा तो अर्धाच लागतो. उरलेला लागायच्या लायकीचा आहे का, हे पाहायला परिविक्षा कालावधी असतो. या काळात नव्या कर्मचाऱ्यावर बारीक लक्ष ठेवावं, अशी अपेक्षा असते. झरीच्या बाजूच्या आमच्या कार्यालयात ते काम आस्थापनेच्या टेबलाकडे होतं, आणि त्या टेबलावर मीच बसत होतो. परिविक्षेवरचा नवा कर्मचारीही मीच होतो.

बायको पुसदला शिक्षिका. मधे जवळजवळ अख्खा जिल्हा. नवरा-बायकोला एकत्र आणणारी बदली मागायची, तर आधी मी कायम व्हायला हवा होतो.

मुदत संपत आली तसं जिल्ह्याहून पत्र आलं, की सदर कर्मचाऱ्याचा अहवाल साहेबांच्या अभिप्रायासह पाठवा. मी ते आवक करून साहेबांपुढे ठेवलं. साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असे आणि समोर येईल त्या कागदावर त्यांची सही. वाचणं हे खालच्यांचं काम, असं त्यांचं मत होतं. अहवाल लिहून आण म्हणाले. अभिप्रायही मीच लिहू का, असं विचारलं.

"मंग कोन लिहीन? तुले तुह्यापेक्षा जास्त कोन ओळखते?"

स्वतःची स्तुती करायची लाज वाटली. बराच वेळ पेन चावून साहेबांच्या वतीने लिहिलं, 'कर्मचारी प्रामाणिक आहे. कामात सुधारणेस वाव आहे.' दुसरं वाक्य साहेब हसून खोडतील, असा माझा अंदाज होता. साहेबांनी सही केली.

जिल्ह्याला मात्र वाचणारं कुणीतरी होतं. सुधारणेस वाव असल्याने परिविक्षा एक वर्षाने वाढवली, असं पत्र आलं. ते मीच आवक केलं, मलाच बजावलं आणि मिळाल्याची माझी सही घेतली. असं काहून लिहिलं, म्हणून साहेबांनी मला विचारलं. सही आपली आहे, म्हणालो. ते पत्राकडे बराच वेळ पाहत राहिले. वाचत असावेत.

शनिवारी पुसदला गेलो. बायकोनं पत्र दोनदा वाचलं.

"एकाही पोराले नापास करत नाही मी," ती म्हणाली. "अन् तुमी सोताले केलं."

पुढच्या वर्षीचा मजकूर तिने फोनवर सांगितला आणि मी मान खाली घालून उतरवून घेतला. 'अत्यंत कार्यक्षम. कार्यालयाचा आधारस्तंभ. यांच्याविना कामकाज चालणे कठीण.' मी कायम झालो. पुढे पुसदची बदलीही मिळाली. साहेबांनी मला कार्यमुक्त करणं तेवढं बाकी होतं.

पण त्या पत्रापासून साहेब वाचायला लागले होते. त्यांनी ड्रॉवरमधून माझ्या अहवालाची झेरॉक्स काढली, चष्मा लावला आणि शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं.

"हे मीच लिहिलं ना? मंग सोडू कसा तुले?"

बदलीचा आदेश तीन महिन्यांपासून माझ्या बॅगेत आहे. काल बायकोला फोनवर सांगितलं, की कार्यालयात एक नवी मुलगी रुजू झाली आहे, कामाला बरी आहे. तिचा सहामाही अहवाल कोण लिहिणार, असं बायकोनं विचारलं.

मीच, म्हणालो.

"मंग आता तिले करा आधारस्तंभ."