पुरता एक मीटर

आमच्या सासरची मंडळी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरला आले आणि इथलेच झाले. आता घरात मराठी, गल्लीत तमिळ आणि कचेरीत इंग्रजी. त्यामुळे नणंदेबद्दल मी इथे काहीही लिहिलं तरी तिला वाचता येणार नाही, आणि कुणी वाचून दाखवलंच तर मी सरळ इचलकरंजीला माहेरी निघून जाईन.

नणंद म्हणजे शांभवीअक्का, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत त्या कारकून आहेत. रोज बसने जायचं, बसने यायचं. त्यांचे यजमान सेतुराम तिरुवैयारूला मृदंग शिकवतात. त्यांच्या विद्येला मान फार, मानधन कमी. घर चालतं ते अक्कांच्या पगारावर. आणि तरी या गावात सगळ्यांत देखणं कोण नेसतं असं कुणालाही विचारा, नाव एकच येईल. बसमधले अनोळखी लोक त्यांना उठून जागा देतात. मला कुणी देत नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

इकडे लोखंडी कपाटाला बीरो म्हणतात. लग्न होऊन मी आले तेव्हा माझा बीरो इतका ठासून भरला होता की दार गुडघ्याने लोटावं लागे. अशात एकदा अक्कांनी काहीतरी काढायला त्यांचा बीरो उघडला. एका फळीवर आठ साड्या. खालच्या फळीवर यजमानांच्या पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं, वरच्या फळीवर लेकीचे कपडे.

मी विचारलं, "अक्का, बाकीच्या कुठे आहेत?"

"बाकीच्या कोणत्या?"

 मग त्यांनी एकेक साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिरुभुवनमची रेशमी, शिजलेल्या जांभळाच्या रंगाची. कांचीची सुती, तिचा काठ तळहाताएवढा रुंद. एक अशी मऊ की हातात घेतली तर वजनच लागेना. ती एकवीस वर्षांची आहे म्हणाल्या. इचलकरंजीत मी मागांच्या खडखडाटात वाढले, तेव्हा कापडातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. त्या दुपारी मी जमिनीवर बसून नुसती आ वासून बघत राहिले.

"वर्षास एक," अक्का म्हणाल्या. "एखादे वर्षी तेंही नाही. पण येती ती राहाती."

ती एक साडी घ्यायची त्यांची तऱ्हा पाहिली की दुकानदाराची दया येते. पहिल्या खेपेस त्या पैशाची पिशवी घरी ठेवून जातात. साडी उंबऱ्याशी नेतात, दिवसाच्या उजेडात धरतात आणि एक कोपरा मुठीत चुरगळून दुकानदाराशी त्याच्या मुलाबाळांच्या गप्पा मारत बसतात. मग मूठ उघडून सुरकुती किती राहिली ते बघतात. घरी येऊन आठवडाभर विचार. आठवड्यानंतरही तीच साडी डोळ्यांसमोर असेल तर दुसरी खेप. दुकानदार आताशा त्या दिसल्या की न विचारता कॉफी मागवतो, कारण काम लांबणार हे त्याला ठाऊक असतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. त्या आठही साड्या अशा निवडलेल्या की तीन रंगांच्या पोलक्यांवर त्या सगळ्या जातात. एक लाखेसारखं गडद तांबडं, एक हळदीचं आणि एक केळीच्या पानाचं हिरवं. अक्कांचं म्हणणं असं, की या उष्ण गावात साडी मरत नाही, आधी पोलकं मरतं. घामाने काखेत विरतं, बाई दोन बोटं जाड होते, की संपलं. मग चांगली साडी बीरोत पडून राहते. म्हणून पोलक्याचं कापड सगळ्यांत चांगलं घ्यायचं, पुरतं एक मीटर, आणि शिवताना आत दोन बोटं माया सोडायची, म्हणजे अंग वाढलं की शिलाई उसवून सैल करता येतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळेच सांगतात. अक्कांनी अंथरूणच असं विणून घेतलं की पाय उघडे पडतच नाहीत.

आता पोलक्याच्या तुकड्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. नवरात्रात इथे घरोघर कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या, आणि बायका एकमेकींकडे जातात. आलेल्या बाईला हळदकुंकू, विडा, नारळ आणि पोलक्याचा तुकडा द्यायचा. तो तुकडा कुणी शिवत नाही. तो पुढच्या बाईला जातो, ती त्याच्या पुढचीला देते. मी एकदा दिलेला जांभळा नायलॉनचा तुकडा तीन वर्षांनी माझ्याच ताटात परत आला, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट. आपण महाराष्ट्रातले लोक काही वेगळे आहोत असं नाही. दिलेला तुकडा पाऊण मीटरचा असतो, त्यात धडधाकट बाईचं पोलकं बसत नाही, आणि कापड असं की बसलं तरी घालवत नाही. म्हणून तो फिरतो.

गेल्या वर्षी अक्कांच्या विनुताचं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, आपल्यांतलाच, श्रीकर नावाचा. शेतीवाडी असलेलं घर. त्याची आई चंद्रमतीबाई बोलायला गोड, पण त्या गोडाखाली मिरी असायची. साखरपुडा झाला आणि त्यांचा फोन आला, की आमच्याकडच्या सगळ्या सवाष्णींना साड्यांचा मान व्हायला हवा. "आमचें कांही मागणें नाही हं. तंजावरचे लोक काय देतात तें पाहूं म्हणून बायका बोलतात, इतकेंच."

सवाष्णी तीसेक. अक्कांनी बाजूला ठेवलेल्या पैशांत तीस साड्या बसायच्या त्या एकाच जातीच्या, दुरून रेशमी आणि जवळून प्लास्टिक. माझा नवरा विश्वेश म्हणाला, घेऊन टाक, सगळे हेच देतात. मीही तेच म्हटलं. अक्का दुकानात गेल्या, एका साडीचा कोपरा मुठीत धरला आणि लगेच सोडला.

"मी नेसणार नाही तें दुसरीस कसें देऊं?"

विनुता रडली. "अम्मा, नेम तुझा आणि बोलणीं मी ऐकायचीं! जन्मभर त्या घरांत मी राहाणार आहे."

पोरीचं काय चुकलं? कंजुषाची लेक हा शिक्का एकदा बसला की धुऊन जात नाही. माझा पारा चढला. मी अक्कांना म्हटलं, तुमच्या आठ साड्यांचं कौतुक मला आहे, पण लेकीच्या सुखापेक्षा कापड मोठं झालं का? असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. अक्कांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिरुभुवनमच्या वाटेवरच्या एका ओळखीच्या विणकराकडे गेल्या.

तिथून त्या बऱ्याच दिवसांनी, दोन-तीन खेपांनंतर, गाठोडं घेऊन आल्या. हातमागाचं सुती कापड, काठाला बारीक रेशीम, त्याच तीन रंगांत. तीस तुकडे, प्रत्येक पुरता एक मीटर. साडीचा मान नाही, पोलक्याचा.

मी कपाळावर हात मारला. त्या मात्र जमिनीवर बसून प्रत्येक तुकड्याला नावाची चिठ्ठी लावत होत्या. "ही उंच, हिला हिरवा. हिच्या तीन साड्यांचे काठ तांबडे. ही बाळंतपणानंतर जाड झाली आहे, हिला काठाचा भाग जास्ती." साखरपुड्यात मी जिलब्या मोजत होते, तेव्हा या बाईने तीस बायकांचे काठ, दंड आणि मनं पाहून ठेवली होती. माझ्या अंगावर काटा आला. राग होताच, पण काटाही आला.

चंद्रमतीबाईंसाठी त्यांनी गडद तांबडा ठेवला. म्हणाल्या, "त्यांनी जुनी हळदी साडी नेसली होती, त्यांच्या आईची असावी. वर पोलकें कसलेंतरी चकचकीत. साडीस सोबत नव्हती गे."

लग्न वैकाशी महिन्यात, म्हणजे आपल्या वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास झालं. मानाची ताटं निघाली. पहिलीने घडी चाचपली, साडी नाही हे कळलं आणि ती शेजारणीकडे बघू लागली. मग कुजबुज मांडवभर. विनुताची एक जाडजूड आतेसासू, भुवनेश्वरी, मोठ्याने म्हणाली, "चिंधी दिली!" चंद्रमतीबाईंनी ताट घेतलं, तुकड्याकडे पाहिलंही नाही, आणि मागच्या बाईकडे देऊन म्हणाल्या, "ठेव कुठेंतरी." विनुताने मान खाली घातली ती वर केली नाही. अक्का जांभळी तिरुभुवनम नेसून ताठ उभ्या होत्या आणि पुढच्या बाईला कुंकू लावत होत्या.

रात्री घरी परतताना अक्का म्हणाल्या, "नवरात्रांत कळेल. तुकडा फिरत फिरत आला, तर मी हरलें. मग मी जाऊन तीस साड्या देईन, कर्ज काढून देईन. नाही आला तर..." 

मधले महिने वाईट गेले. विनुता फोनवर म्हणायची, सासूबाई त्या विषयावर अवाक्षर काढत नाहीत, आणि तेच जास्त टोचतं. आतेसासू मात्र येता-जाता चिंधीचं नाव काढायची.

नवरात्र आलं. आमच्या नात्यातल्या निम्म्या बायका त्या लग्नात होत्या, शिवाय कुंभकोणमचं आणि तंजावरचं जाणंयेणं चालूच असतं, तेव्हा तुकडा सुटला असता तर आमच्यापर्यंत पोचणारच होता. अक्का रोज संध्याकाळी चार-पाच घरी जायच्या, मी बरोबर. घरी आलं की मिळालेले तुकडे चटईवर पसरायचे. पोपटी नायलॉन. गुलाबी, जरीचा भास असलेला. माझा जांभळाही पुन्हा भेटला, त्याला बघून मला रडू आणि हसू एकदम आलं. पण हातमागाचा, रेशीमकाठाचा एकही नाही. मी मनात धास्तावून होते. कदाचित पुढे दिलेच नसतील, फरशी पुसायला घेतले असतील.

आठव्या माळेला आम्ही कुंभकोणमला विहीणबाईंच्या कोलूला गेलो.  दार चंद्रमतीबाईंनीच उघडलं.

त्या हळदी साडी नेसल्या होत्या, जुनी, मऊ झालेली. आणि वर गडद तांबडं पोलकं, काठ बरोबर बाहीच्या टोकाला. साडी आणि पोलकं एकाच मागावरून उतरल्यासारखी दिसत होती. त्या बाईला मी आधी तीनदा पाहिलं होतं, पण ती एवढी देखणी आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं.

आत कोलूपुढे बायका बसल्या होत्या. एकीच्या अंगावर हिरवं, दुसरीच्या हळदी, भिंतीला टेकलेल्या दोघींच्या तांबडं. मी एकेकीकडे बघत गेले. आणि कोपऱ्यात चिंधीवाली आतेसासू, हिरवं पोलकं, त्याची बाही पार कोपरापर्यंत. पुरत्या मीटरात तिच्याही दंडाला लांब बाही निघाली होती, आणि तिने ती काढून घेतली होती! मला ओरडावंसं वाटलं. देवासमोर उभं राहिल्यावर होतं तसं छातीत भरून आलं. एक कारकून बाई कुणाला काही न सांगता, न समजावता, हे करून बसली होती.

चंद्रमतीबाई म्हणाल्या, "ही माझ्या अम्माची साडी. ती गेल्यापासून बीरोंत होती. साखरपुड्याचे दिवशीं हौसेनें काढली, पण वर घालायास कांही मिळालें नाही. तुम्हीं तें पाहिलेंत."

अक्का पुढे झाल्या, विहीणबाईंच्या बाहीचं टोक दोन बोटांत धरून उलटलं आणि आतली शिलाई पाहिली.

"माया सोडली आहे ना?"

"दोन बोटें. विनुतानें शिंप्यास बजावून सांगितलें."

दाराशी उभी असलेली विनुता हसली. तिच्या खांद्यावर सासूबाईंची एक जुनी कांची होती, आणि ती दिलेली होती, मागितलेली नव्हती, हे मला नंतर कळलं.

निघताना हळदकुंकू झालं, विडा झाला. माझ्या ताटात नारळ आणि नेहमीचा तुकडा, तोही पाऊण मीटरचा. अक्कांच्या ताटात नुसता नारळ. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोलूतून सवाष्णीला असं कुणी पाठवत नाही.

चंद्रमतीबाईंनी ताट पुढे धरलं. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्हांस द्यावयाजोगें माझे घरीं कांही नाही, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "म्हणून नारळच देतें."