दोन टाईम लंज

माझे कान या वयातही शाबूत आहेत, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. म्हणूनच नातीच्या सरांचा फोन आला तेव्हा मीच उचलला.

नात वैष्णवी तलवारबाजी खेळते. (गल्लीत 'फेन्सिंग' म्हटलं की लोक विचारतात, शेताला तार किती लागली!) सुट्टीत ती आमच्याकडं हदगावला आली होती. पंधरा दिवसांनी लातूरला संघाची निवड. पोरीनं वर्षभर त्याचाच ध्यास घेतलेला.

सर म्हणाले, "आजी, तिला सांगा, रोज दोन टाईम लंज झालाच पाहिजे. अन् वजन हळूहळू वाढवत न्यायचं."

"हाव सर, बिनघोर राहा!"

किती देवमाणूस! नाहीतर हल्लीचे सर पोरींना नुसत्या काकड्या खायला लावतात.

"आजी, काय म्हणले सर?"

"दोन टाईम लंच. वजन वाढव म्हणले."

"अन् व्यायाम?"

"त्याचं नावबी काढलं न्हाई."

"खरंच?"

"मग मी काय बहिरी हाय?"

झालं! अकराला धपाटे-दही, तीनला पुरणपोळी. एकट्या पोरीला घास कसा उतरणार, म्हणून सोबतीला मी. (त्याग म्हणतात तो हाच!)

"आजी, पोट फुटंल!"

"सरांचा हुकूम हाय, गप खा!"

लातूरला मी सोबत होतेच. पोरीनं तोंडावर जाळी चढवली, तलवार सरळ केली, पुढं झेप घेतली अन् गुडघ्यावर बसली ती बसलीच! समोरची टोचून मोकळी. एकदा न्हाई, चार डाव!

सर लालबुंद. "वैष्णवी, लंज केलेच नाहीत ना?"

ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली. मग मीच पुढं सरसावले. "केले की सर! दोन टाईम! वर तूप घालून!"

सरांनी कपाळावर हात मारला. मग एक पाय लांब पुढं टाकला, गुडघा वाकवला. "आजी, याला लंज म्हणतात. हातात वजन घेऊन करायचा."

अगं बाई!

पोरगी राखीव यादीत गेली. "महिनाभर नीट लंज कर, मग बघू," सर म्हणाले. हदगाव येईपर्यंत ती माझ्याकडं पाठ करून बसली. आता अंगणात दोन टाईम लंज मारते, मी मुकाट्यानं मोजते.

परवा पुन्हा सरांचा फोन. वैष्णवी ओरडली, "आजी, उचलू नको!" तोवर मी उचललाही.

"काय आजी, किती वजन वाढवलं?"

"सहा किलो, सर!"

"वा वा! डंबेल आणले वाटतं?"

"न्हाई हो सर. माझंच वाढलं."