बंदी क्रमांक चारचा अर्ज

उत्तमसिंग आडे एकोणतीस वर्षे तुरुंगाच्या नोकरीत होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. या काळात त्यांच्या सहीने एकही गोष्ट मंजूर झाली नाही. हवालदाराच्या सहीचा अर्थ ‘पाहिले आणि पुढे पाठवले’ एवढाच असतो. घाटंजीजवळच्या त्यांच्या तांड्यात मात्र लोक त्यांना ‘जेलर’ म्हणत, आणि ते कोणाला दुरुस्त करीत नसत. ते काम त्यांच्या पत्नी भुरीबाई करीत. “कायचा जेलर? सकाळी गेट उघडे अन् संध्याकाळी लावे,” असे त्या चारचौघांत सांगत, आणि उत्तमसिंगही हसत.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळच्या एका महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका अर्पिता गावंडे त्यांना भेटायला तांड्यावर आल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी करून एक प्रयोग झाला होता. तो अजून अभ्यासक्रमात आहे, आणि त्याच्या निष्कर्षांवरचे आक्षेपही. गावंडे यांचा प्रश्न त्याहून लहान होता : नियम एखाद्या अनुभवी माणसाच्या तोंडून आले, तर लोक ते अधिक निमूटपणे पाळतात का? त्यासाठी चार दिवसांचा एक प्रयोग त्यांनी आखला होता. वसतिगृहाची रिकामी पडलेली इमारत, बंदी म्हणून सहा विद्यार्थी, पहारेकरी म्हणून सहा, आणि नियम सांगायला एक खरा माणूस. उत्तमसिंगांनी जुना खाकी गणवेश पेटीतून काढून उन्हात टाकला.

सोमवारी सकाळी संमतिपत्रे वाचून दाखवण्यात आली. ‘मी थांबतो’ एवढे म्हटले की कोणीही त्याच क्षणी बाहेर पडू शकेल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. बाराही जणांनी सह्या केल्या, मोबाइल कपाटात ठेवले. उत्तमसिंग तेथेच उभे होते. त्यांनीही ते ऐकले.

त्यानंतर त्यांनी आपले काम सुरू केले. गिनतीला बंद्यांनी जोडीजोडीने उकिडवे कसे बसायचे, झडती कशी घ्यायची, हाक नावाने नव्हे तर नंबराने कशी मारायची, हे त्यांनी पहारेकऱ्यांना शिकवले. त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. बंदी कोणाशीही थेट बोलत नाही. त्याला जे हवे असेल त्याचा तो अर्ज करतो. अर्ज पहारेकऱ्याकडून हवालदाराकडे, हवालदाराकडून साहेबाकडे जातो, आणि साहेबाचा शेरा त्याच वाटेने परत येतो. येथे साहेब म्हणजे गावंडे मॅडम. त्या शेजारच्या खोलीत पडद्यावर सारे पाहत बसत आणि त्यांच्यासमोरचा कागदांचा ट्रे दुपारी चार वाजता तपासत.

ही पद्धत विद्यार्थ्यांना फार लवकर जमली. मंगळवार संध्याकाळपर्यंत सव्वीस अर्ज झाले होते. जादा पांघरूण मिळावे, भाजीत तिखट कमी असावे, घोरणाऱ्या बंदी क्रमांक दोनची खोली बदलावी. कपिल नावाचा पहारेकरी अर्ज वाचताना खुर्चीवर पाय घेऊन बसू लागला होता. “तारीख कुठी हाय बे? बिना तारखेचा अर्ज म्हंजे लग्नाबिना वरात,” असे म्हणून तो कागद परत करी, आणि बंदी तो पुन्हा लिहून आणीत. कोणीही, एकदाही, संमतिपत्रातले ते दोन शब्द उच्चारले नाहीत.

बंदी क्रमांक चार म्हणजे शाम. उमरखेडकडच्या एका तांड्यातला हा मुलगा दोन वर्षांपासून वनरक्षकाच्या भरतीची तयारी करीत होता. बुधवारी सकाळी दहा वाजता त्याचा खोलीसोबती सोनू फाटकावर आला. मैदानी चाचणीचा संदेश सगळ्या उमेदवारांना सोमवारीच येऊन पडला होता, पण शामचा मोबाइल कपाटात बंद होता. चाचणी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, यवतमाळातच होती. मात्र मूळ कागदपत्रे सोबत हवी होती, आणि ती शामच्या घरी, तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर होती. उमरखेडची थेट गाडी साडेअकराला सुटणार होती.

सोनूने हे सारे फाटकाच्या गजांतून सांगितले. शामने ऐकून घेतले, मग तो खोलीत गेला आणि अर्ज लिहायला बसला.

कपिलने तो वाचला. “नाव काहून लिहिलं? नंबर लिही.”

“भाऊ, गाडी सुटते ना माही.”

“मंग लवकर लिही.”

शामने पुन्हा लिहिला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी अर्ज उत्तमसिंगांच्या टेबलावर आला. त्यांनी तो दोनदा वाचला. खाली सवयीच्या अक्षरांत ‘शिफारशीसह सादर’ असे लिहिले, सही केली आणि शेजारच्या खोलीतील ट्रेमध्ये नेऊन ठेवला. गावंडे यांनी त्यांना कागद ठेवताना पाहिले. ट्रे चारलाच पाहायचा हे त्यांनी स्वतःच ठरवले होते. पडद्यावर त्यांना फाटकाशी काहीतरी बोलणे झालेले दिसले होते, पण त्या पडद्याला आवाज नव्हता.

उत्तमसिंग परत येऊन खुर्चीत बसले. साडेअकरा वाजले. शाम आपल्या खोलीच्या दारात उकिडवा बसला होता. दाराला कुलूप नव्हते. बाहेरून कडी होती, तीही दिवसा लावत नसत. फाटकावरचा पहारेकरी जेवायला गेला होता. बारा वाजता उत्तमसिंग पाणी प्यायला उठले आणि शामच्या दारापाशी थांबले.

“गाडी गेली का रे?”

“गेली, काका. एक वाजताची पुसदची हाय. तिथून दुसरी भेटन.” मग शामने विचारले, “शेरा आला का?”

“चार वाजता येते.”

“चार वाजता मंग काय कामाचा?”

“तू जात काहून नाही?” उत्तमसिंगांनी आवाज खाली आणला. “कडी तं लावेल नाही.”

शामने त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू ते त्याला पळून जायला सांगत आहेत. “असा कसा जाऊ? मंजूर तं होऊ द्या.”

पुढचा अर्धा तास उत्तमसिंग टेबलाशी बसून राहिले. त्या अर्ध्या तासात आपण काय विचार केला, हे त्यांना नंतरही नीट सांगता आले नाही. मॅडमचे दार ठोठावता आले असते, हे त्यांना सुचले होते. पण वरिष्ठाकडे कागद गेला की त्याच्या मागे जायचे नसते. साडेबाराला ते उठले, शेजारच्या खोलीत गेले आणि ट्रेमधून अर्ज परत घेतला. गावंडे यांनी मान वर केली आणि वहीत वेळ टिपली. बाहेर येऊन उत्तमसिंगांनी आपल्याच शिफारशीखाली ‘मंजूर’ असे लिहिले. त्याखाली पूर्ण नाव घातले. मग व्हरांड्यात उभे राहून आवाज चढवला :

“बंदी नंबर चार! सामान घे! गेटवर चल!”

शाम ताडकन उठला. कपाटातून त्यांनी त्याचा मोबाइल काढून दिला. “अर्ज सोबत नेऊ का?” शामने विचारले. “पळ ना, छोऱ्या,” उत्तमसिंग म्हणाले. कपिल फाटकाशी आडवा आला होता. उत्तमसिंगांच्या हातातल्या अर्जावरचा शेरा वाचून तो बाजूला झाला. त्याने सॅल्यूटही ठोकला, आणि तो थट्टेचा नव्हता.

शामला एकची गाडी मिळाली. पुसदला पुढची गाडी दोन तास उशिरा लागली. वडिलांनी कागदपत्रे घेऊन मोटारसायकलने उमरखेड गाठले, पण परतीची थेट गाडी तोवर गेली होती, म्हणून रात्रभर गाड्या बदलत शाम पहाटे पाचला मैदानावर पोहोचला. कागदपत्रे तपासून झाली. पाच किलोमीटर धावायला तीस मिनिटे दिलेली होती. त्याला तीस मिनिटे चौपन्न सेकंद लागली. सरावात तो सत्तावीसच्या आत येत असे.

शुक्रवारी प्रयोगाच्या समारोपाला शाम आला आणि हे त्याने कोणाला दोष न देता सांगितले. सगळे निघून गेल्यावर उत्तमसिंग गावंडे यांच्यापुढे उभे राहिले.

“मॅडम, तुमी अहवाल लिहान, त्यात तो अर्ज येईन?”

“येणारच. नियमाचा प्रभाव किती होता, याचं ते सर्वांत मोठं उदाहरण आहे.”

“दोन तास तो माह्यापाशी अन् तुमच्यापाशी होता, हे येईन?”

गावंडे यांनी वही मिटली. “माझ्याही बाजूने चूक झाली, ती मी लिहीन. तुमचं नाव येणार नाही, काळजी करू नका. सहभागी व्यक्तींची नावं आम्ही छापत नाही.”

“मी कुठं सहभागी होतो? पोरं खेळात होते. मी तं ड्युटी करून राह्यलो होतो.” ते म्हणाले. “माहं नाव टाका. दहा चाळीस ते साडेबारा, हवालदार उत्तमसिंग आडे.”

गावंडे यांनी त्यांना बसायला सांगितले. नाव छापण्यासाठी लेखी संमती लागेल, असे म्हणून त्यांनी एक छापील कागद पुढे केला. उत्तमसिंगांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. वाचून होईपर्यंत घाटंजीची गाडी गेली होती. सही त्यांनी त्यानंतर केली.