न काढलेली जाळरेषा

"आधी बघून येते, मग सही करते." वन कार्यालयात कुठलाही कागद पुढे आला की ती पेनाला टोपण लावायची आणि एवढंच म्हणायची. मग गाडीला किक मारून थेट डोंगराकडे. तोवर माझी सही होऊन चहासुद्धा पिऊन झालेला असायचा.

माहूरकडच्या डोंगरात आम्ही दोघं वनरक्षक होतो. एकाच भरतीतले, बीटही, म्हणजे राखायचा जंगलाचा पट्टाही, शेजारीशेजारी. ती मुखेडची, मी उमरीचा. पगार सारखाच. मग जळण्यासारखं काय होतं, असं तुम्ही विचाराल. तिच्या बीटात धूर दिसला की खालची अख्खी वस्ती ओल्या फांद्या घेऊन तिच्या आधी पोचायची. माझ्या बीटात मी एकटाच फोन लावत बसायचो. एकदा वस्तीतल्या एका म्हातारीला मी विचारलंच, माझ्या हाकेला का येत नाही म्हणून.

"ती बाई आमच्यात बसून भाकर खाती," म्हातारी म्हणाली. "तुमचं तर नाव बी ठाव न्हाई."

सात वर्षं मी तिथंच नोकरी करत होतो.

एका वर्षी जाळरेषेचा कागद आला. वणवा पुढं सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी गवत जाळून मोकळा पट्टा करतात, ती जाळरेषा. आमच्या दोघांच्या हद्दीवर ती काढली आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी सही केली. ती बघून आली आणि म्हणाली, गवत कमरेएवढं उभं आहे. सही न करता तिनं वर तसं पत्र दिलं. साहेब तिच्यावर भडकले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

चैत्रात, भर दुपारी, माझ्या बीटात वणवा लागला. हद्द ओलांडून तो तिच्या बाजूच्या वस्तीत उतरला. नियंत्रण कक्षाचा फोन नुसता वाजत राहिला. पाण्याचा टँकर पोचला तेव्हा चार घरं जळून गेली होती, आणि शेळ्या सोडवायला गेलेल्या त्या म्हातारीचे दोन्ही हात भाजले होते.

चौकशी गावासमोरच झाली. साहेबांनी सगळं मोहफुलं वेचणाऱ्या बायांवर ढकललं, झाडाखालचा पाला त्यांनीच पेटवला म्हणून. तेव्हा ती उभी राहिली. आता माझं नाव निघणार, म्हणून मी मान खाली घातली.

"जाळरेषा निघालीच न्हाई," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. पत्र दिलं अन् बसून राहिले. माणसं घेऊन मीच काढायला पाहिजे होती. माझी चूक एवढी हाय. बाकीच्यांनी आपापली सांगावी."

माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. गाव मात्र एकटक तिच्याकडं बघत होतं, आणि तेच मला सहन होईना. मी उठलो. न बघता सही मीच केली, आणि कागद साहेबांनी तयार करून आणला होता, असं सांगून टाकलं. याला धैर्य म्हणू नका.

मला आणि साहेबांना नोटिसा आल्या. बायांवरचा आळ गेला. तिला मात्र बदलीचा आदेश आला. लातूरकडं, जिथं जंगल शोधावं लागतं.

ती निघाली त्या दिवशी वस्ती एसटी स्टँडवर लोटली होती. म्हातारीला तिची दृष्ट काढायची होती. पट्ट्यांमुळं बोटं मोडता येईनात, म्हणून तिनं नुसतेच हात तिच्या तोंडावरून उतरवले. मी मागं पानटपरीपाशी उभा राहून बघत होतो. दृष्ट लावणारा त्या गर्दीत मी एकटाच होतो.