मधल्या वाडीचा कौल

इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. पहिल्या महायुद्धाचं कारण विचारलं की रत्नागिरीतली आमची मुलं 'साम्राज्यांची स्पर्धा' असं घडाघडा लिहायची आणि मीही गुण देऊन मोकळी व्हायचे. ते कारण मला खरं कळलं ते मात्र आमच्या गावच्या शिमग्यात.

आमची मधली वाडी म्हणजे वरच्या आणि खालच्या वाडीच्या शिवेवरची मूठभर घरं. शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. आमच्या दारी ती आणायचा मान दोन्ही वाड्यांना हवा. एरवी आमच्याकडे दिवा लागतो की नाही हेही कोणी विचारत नाही, पण शिमगा आला की आम्ही एकदम दोघांचे! या भांडणात डोकी फुटली आणि पुढे काही वर्षं पालखी शिवेवरूनच माघारी फिरू लागली.

माझे सासरे एके काळी पालखी नाचवण्यात पटाईत. आता त्यांना अंगणापर्यंतही धरून न्यावं लागतं. "औंदा तरी येल काय गो पालखी?" ते विचारायचे. पुढचा शिमगा ते बघतील याची खात्री नव्हती.

यंदा देवळात कौल लावला. गुरवाने देवीला कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर मान वरच्या वाडीचा, डावी पडली तर खालच्या. कळ्या जागच्या हलेनात. दोन्हीकडचे बाह्या सरसावू लागले आणि माझं डोकं फिरलं. मी बायकांतून उठून उभी राहिले.

"इंग्रज साहेबाची आणि जर्मनाची अशीच जुंपली होती," मी म्हणाले, "दुसऱ्यांच्या मुलखावर मालकी कोणाची म्हणून. त्यात आपले कोकणातले गडीही मेले. ज्यांचा मुलूख, त्यांना कोणी विचारलं होतं? आम्हाला तरी तुम्ही कधी विचारलंत?"

"मग मान कोणाचा म्हनता, बाई?" गावचे मुख्य मानकरी गावकर गुरगुरले.

"दार आमचं, मान आमचा. शिवेपर्यंत तुम्ही दोघांनी आणा, पुढे आम्ही नेऊ. तसा कौल लावा."

कुरकुर झाली. पण देवीला विचारायला नको म्हणायची छाती कोणाची? गुरवाने देवीला नव्याने गाऱ्हाणं घातलं, उजवी पडली तर मान मधल्या वाडीचा. ते पुरतं संपायच्या आतच उजवी कळी टपकन पडली. आमच्या बायकांनी असा गलका केला की ढोलवाले बिचारे वाजवायचं विसरले.

शिवेवर मुंबईहून आलेल्या आमच्या वाडीतल्या मुलांनी आणि आम्ही बायकांनी पालखी खांद्यावर घेतली. मी इतकी ताठ उभ्या जन्मात चालले नव्हते. दोन्ही वाड्या मुकाट मागून येत होत्या. अंगणात सासरे खुर्चीवर बसले होते.

"कोनाच्या मानानं आली गो?" त्यांनी विचारलं.

"आपल्याच, मामंजी."

खुर्चीचे हात धरून ते आपले आपण उठले. "मंग माजा खांदा काय खुर्चीत ठेवू?" म्हणाले, आणि मला बाजूला सारून पालखीच्या दांड्याखाली शिरले.